मूल्यसंस्कार संच : पत्ते ठेवा, तारे काढा

आधी हिशेब. एका संचाचे १,४५० रुपये. जूनमध्ये फीच्या तक्त्यात ‘व्हॅल्यू एज्युकेशन किट, अनिवार्य’ अशी एक ओळ वाढली होती, तिच्यासमोरचा हा आकडा. आमची दोन मुलं, म्हणजे २,९०० गेले. भावंडांना सवलत नाही, मागच्या वर्षीचा संच चालत नाही. चौथीचा आणि सातवीचा संच शेजारीशेजारी उघडून ठेवला तर पत्ते सोडून माल जवळपास तोच. सातवीच्या वहीत चित्रं कमी आणि लिहायच्या ओळी जास्त, एवढाच काय तो फरक.

कंपनीचं नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही. मुलं अजून तिथेच शिकतायत आणि शाळा तशी चांगली आहे. मी नाशिकमध्ये एका करसल्लागारांच्या ऑफिसात काम करते. दिवसभर लोकांच्या पावत्या चाळते, त्यामुळे पैसे नेमके कशाचे घेतले हे विचारायची खोड लागली आहे. असे संच वेगवेगळ्या नावांनी बऱ्याच खाजगी शाळांत यायला लागलेत, म्हणून पुढच्या जूनमध्ये ज्यांच्यासमोर ही ओळ येईल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते.

खोक्यात निघतं ते असं. एक उपक्रमवही, चाळीस पत्त्यांचा जोड, स्टिकरांची पानं, भिंतीवर लावायचा ‘माझे संस्कार’ तक्ता आणि ॲपचा कोड छापलेलं कार्ड. खोकं दिसायला झकास, झाकणाला चुंबक वगैरे. कागद जाड आहे, पत्ते धुतलेल्या ओल्या हातांनी धरले तरी फुगत नाहीत. स्टिकर मात्र फ्रिजवर लावू नका. निघताना वरचा कागद हातात येतो आणि डिंक तिथेच राहतो. आमच्या फ्रिजवर ‘मी आज खरं बोललो’चं अर्धं अजून आहे.

वहीच्या पहिल्या पानावर पालकांना पत्र आहे. आजच्या पिढीत शिक्षकांबद्दलचा आदर कमी होत चालला आहे, अशी त्याची सुरुवात. हे वाक्य आपण लग्नाच्या पंगतीत ऐकतो, सोसायटीच्या गच्चीवर ऐकतो, शिक्षक दिनाच्या प्रत्येक भाषणात तर हमखास ऐकतो. कोणी त्यावर वाद घालत नाही, सगळे माना डोलावतात. ज्यावर सगळे माना डोलावतात ते विकायला सोपं, हे कंपनीने बरोबर हेरलं आहे.

‘गुरुजनांचा आदर’ हा वहीतला सगळ्यात मोठा भाग. चित्रात झाडाखाली दाढीवाले ऋषी बसलेत, समोर मुलं हात जोडून. आमच्या चौथीच्या वर्गशिक्षिका कुर्ता घालतात, गळ्यात ओळखपत्राची पट्टी असते आणि स्कूटी लावताना हेल्मेटमधून केस सोडवत वर्गाकडे पळतात. या बाईंना मान द्यायचा म्हणजे काय करायचं, हे त्या ऋषींकडे बघून मुलाला कसं कळणार? पुढे रिकाम्या जागा. ‘गुरूंची ____ पाळावी.’ ‘गुरूंना उलट ____ देऊ नये.’ सगळ्या रिकाम्या जागा भरून झाल्या की एकच सार निघतं, गप्प बसा.

मग एकलव्य. गोष्ट अर्ध्या पानात आटोपली आहे आणि अंगठ्याच्या जागी फुलं वाहिलेली दाखवली आहेत, बहुधा मुलं घाबरू नयेत म्हणून. धाकट्याने वाचून विचारलं,

“मग त्या सरांवर केस झाली का?”

“तेव्हा नव्हती होत.”

“पण त्यांनी शिकवलंच नव्हतं ना त्याला? मग फी कसली?”

मी म्हटलं, हेच वहीत लिही. पण वहीत तशी जागाच नव्हती. खाली प्रश्न होता, ‘एकलव्याचा कोणता गुण तुम्हाला आवडला?’ आणि पर्याय होते आज्ञापालन, गुरुभक्ती, त्याग, विनम्रता. त्याने चौघांनाही सोडून समासात लिहिलं, ‘नेम’. दोन दिवसांनी वही तपासून आली. मॅडमनी ‘नेम’वर बरोबरची खूण केली होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मलाही.’ त्या दिवसापासून आमच्या घरात मॅडमचा शब्द अंतिम आहे. शुद्धलेखनापासून डब्यात काय न्यावं इथपर्यंत सगळ्यात. वहीतल्या इतर पानांनी मिळून जे जमलं नाही ते त्या एका शेऱ्याने झालं, आणि तो शेरा छापील नव्हता.

पत्ते मात्र खरंच चांगले आहेत. हे कोणी केले असतील त्यांना भेटायला आवडेल, कारण वही करणारी माणसं वेगळी असावीत. प्रत्येक पत्त्यावर एक प्रसंग आणि खाली ‘काय कराल?’ मागे उत्तर नाही, हे सगळ्यात छान. एक पत्ता असा आहे, ‘सरांनी फळ्यावर गणित चुकवलं. तुमच्या लक्षात आलं. काय कराल?’ मोठी म्हणाली, तास संपल्यावर एकटी जाऊन सांगेन. धाकटा म्हणाला, लगेच सांगायचं, नाहीतर सगळे चुकीचं लिहून घेतील आणि परत खोडत बसतील. यावर आमचे सासरे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “आमच्या वेळी आम्ही गप्प बसायचो. मार्क मात्र आमचेच जायचे.” जेवणं थंड होईपर्यंत वाद चालला. हात वर करून ‘सर, ती तिसरी पायरी परत दाखवता का?’ असं विचारावं, हा तोडगा शेवटी सातवीवालीनेच काढला. तिने तो पुढच्या आठवड्यात वर्गात वापरलासुद्धा.

दुसरा एक पत्ता, ‘शाळेतल्या मावशी तुमच्या बाकाखालून झाडत आहेत. पाय वर घ्याल की उठाल?’ आणि एक पत्ता थेट आपल्यासाठी, ‘घरातलं मोठं माणूस फोनवर तुमच्या शिक्षकांची टिंगल करत आहे. उद्या त्यांचाच पहिला तास आहे. तुम्हाला काय वाटेल?’ हा निघाला तेव्हा दोघांनीही एकदम बापाकडे बघितलं. बाप पाणी प्यायला उठला.

आता ॲप.

ॲपवर रोजचा गृहपाठ, सूचना, फोटो असतात. तिथवर ठीक. ‘आजचं मूल्य’ नावाचा एक भाग आहे. त्यात पालकांनी रात्री खुणा करायच्या, मूल मोठ्यांच्या पाया पडलं का, ताट उचललं का, ‘धन्यवाद’ म्हणालं का. खुणा केल्या की गुण मिळतात, गुण साठले की प्रमाणपत्र. वर्गात शिक्षकांनीही प्रत्येक मुलाचा त्या मूल्याचा एक फोटो चढवायचा. चौथीच्या वर्गाचा पट बेचाळीस आहे. बेचाळीस मुलांचे सौजन्य दाखवतानाचे फोटो काढायचे, नावं लावायची आणि नेट चालू असेल तर चढवायचे. तेवढ्या वेळात सौजन्य शिकवायचं कोणी, ते ॲपमध्ये दिलेलं नाही.

आणि दर शुक्रवारी संध्याकाळी घंटा वाजते, ‘तुमच्या शिक्षकांना रेट करा.’ पाच तारे. खाली तयार शब्द, टिचकी मारायची. हसतमुख, वेळेवर उत्तर देतात, मुलाकडे वैयक्तिक लक्ष. वर सरासरी दिसते, आणि ती सगळ्या पालकांना दिसते. गुरुजनांचा आदर शिकवायला घेतलेल्या वस्तूत गुरुजनांना तारे द्यायची सोय आहे, आणि हे विचित्र आहे असं विकणाऱ्याला, घेणाऱ्याला, कोणालाही वाटलं नाही.

पावसाळ्यात झालेला प्रकार सांगते, कारण पूर्ण रिव्ह्यू त्यातच आहे. मधल्या सुट्टीत दोन मुलं डब्याची खेचाखेची करत होती. वरणभात जमिनीवर सांडला, पिवळं वरण बाकाखाली लांबवर गेलं. मॅडमनी तीन फडकी आणली. दोन मुलांना दोन दिली, तिसरं स्वतः घेतलं आणि तिघांनी मिळून फरशी पुसली. मग साबणाने हात धुऊन परत तास सुरू. धाकट्याने घरी येऊन सांगितलं ते गंमत म्हणून. मॅडमना बाकाखालून निघताना डोकं लागलं आणि त्या पण हसल्या, एवढीच त्याच्या लेखी बातमी.

संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलाच्या आईचा निरोप आला. फी भरतो ती मुलाला फरशी पुसायला लावायला नाही. खाली ॲपमधल्या एका ताऱ्याचा स्क्रीनशॉट आणि ‘सपोर्ट करा’. ज्यांच्या मुलांनी वरणाचा थेंब पाहिला नव्हता त्यांनीही सपोर्ट केला. झोपेपर्यंत मॅडमची सरासरी ४.६ वरून ३.१ वर आली होती. मला दुसऱ्या बाजूनेही निरोप आले, पाच तारे देऊन वर काढू या. मी काहीच दिलं नाही. मॅडम म्हणजे काही घरपोच आलेलं पार्सल नाही. सकाळी मुलाच्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे ज्याला आता डायरी म्हणतात त्यात, चिठ्ठी लिहून दिली, ‘फडकं दिलंत ते बरं केलंत. आम्ही घरीही देतो.’

त्या आठवड्याचं तक्त्यावरचं मूल्य काय होतं ते बघा. श्रमप्रतिष्ठा. चित्रात झाडू घेतलेला मुलगा.

दोन दिवसांनी ॲपवर मॅडमच्या नावाने दिलगिरी आली. भाषा कार्यालयाची होती, त्यांची नव्हती, त्यांच्या चार ओळींत एखादा तरी गंमतीचा शब्द असतो. त्यानंतर काय झालं हे मला ॲपवरून कळलं नाही, धाकट्याकडून कळलं. मॅडम ‘शांत बसा’ म्हणाल्या की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतं, “वन स्टार.” सगळे हसतात. नऊ वर्षांची मुलं. हे त्यांना मोबाइलने शिकवलं नाही, सिनेमाने नाही. एका संध्याकाळी आम्ही पालकांनी शिकवलं, आणि ज्या वस्तूच्या मदतीने शिकवलं तिच्या झाकणावर ‘संस्कार’ लिहिलं आहे.

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. मुलगा अतिशय विनम्र होता, पाचपैकी पाच. विचारलं, तारे बंद करता येतील का? म्हणाला, “मॅम, ते फीचर शाळेच्या प्लॅनमध्ये आहे. पालकांचा सहभाग वाढतो.” सहभाग वाढला हे खरंच आहे. मी म्हटलं, मग मुलांना पालकांना तारे द्यायची सोय करा. त्याने तेही लिहून घेतलं. सूचना म्हणून.

आता थोडं विषयांतर, पण किमतीशी त्याचा संबंध आहे. माझी धाकटी नणंद त्र्यंबकेश्वर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी. तिला हा संच दाखवला तर तिने आधी किंमत बघितली आणि मग म्हणाली, “वहिनी, हे तर आम्ही शाळेत असताना फुकट होतं की.” बरोबर आहे तिचं. १९९७ मध्ये राज्यातल्या प्राथमिक शाळांत मूल्यशिक्षण आलं, दहा मूल्यांची यादी घेऊन. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्री-पुरुष समानता, आणि सर्वधर्मसहिष्णुता, जी लिहिताना निम्मा वर्ग चुकायचा. सकाळच्या परिपाठात प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या, बोधकथा, दिनविशेष. प्रतिज्ञेतच पालकांचा, गुरुजनांचा मान ठेवीन असं येतं आणि ती बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात सुरुवातीलाच छापलेली असते. वहीतली निम्मी पानं या यादीचीच नवी आवृत्ती आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन तेवढा गळला.

सरकारी बाजूचं कौतुक करायला म्हणून हे लिहीत नाही. तिच्याकडची तऱ्हा ऐकाल तर आमच्या शाळेतले तारे बरे वाटतील. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं देता येत नाहीत. पण निवडणुकीच्या नावाखाली मतदार याद्यांचं काम वर्षभर पुरतं, आणि शाळेच्या आतलं कारकुनी काम कायद्याच्या कुठल्याच ओळीत बसत नाही. पोषण आहाराची रोजची नोंद, तांदळाचा साठा, चव रजिस्टर, यू-डायस म्हणजे शाळेची सगळी माहिती सरकारी पोर्टलवर भरणं, आधारची जुळवणी, आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर येणारं ‘तातडीने आजच सादर करावे’. दोघांपैकी एक शिक्षक टपाल घेऊन तालुक्याला गेला की उरलेल्या एकाने चार वर्ग सांभाळायचे. मुलं बघत असतात, की आमच्या बाईंना कोणीही कधीही फोन करून काहीही मागू शकतं.

मान वाढवायचे उपाय मात्र वरून येतच असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘आपले गुरुजी’ म्हणून शिक्षकांचे ए-फोर आकाराचे फोटो वर्गात लावा असं सांगण्यात आलं. शिक्षक संघटनांनी तेव्हा विरोधही केला. मार्च २०२४ मध्ये पोशाखाच्या सूचना निघाल्या, जीन्स नको, टी-शर्ट नको, आणि डॉक्टरांच्या नावाआधी जसं लागतं तसं शिक्षकांनी नावाआधी ‘टि’, म्हणजे टीचर, लावावं. नणंद म्हणाली, “गावात मला सगळे बाई म्हणतात. टी लावला तर चहा मागतील.” माझ्या मते आमचा संच आणि ते फोटो एकाच कारखान्यात तयार झालेत. मान देण्याचा खर्च करायचा नाही, नुसतं मानाचं लेबल छापायचं.

तिच्या वर्गात मला एक गोष्ट दिसली, जी या संचात असायला हवी होती. मूल्यवर्धन नावाचा कार्यक्रम तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांपासून तो सुरू केला आणि पुढे शासनाबरोबर तो राज्यभर गेला. त्यात उपदेश कमी आणि जोडीने बोलणं, गटात ठरवणं जास्त. तिने त्यातलं जोडीचं काम उचललं आहे. वर्गाचे नियम तिच्या मुलांनीच ठरवलेत, पुठ्ठ्यावर वाकड्यातिकड्या अक्षरात. त्यातला एक नियम, ‘बाई फोनवर असल्या तर आपण वाचायचं.’ दुसरा, ‘बाईंनी पण ओरडू नये.’ दोन्ही नियम ती पाळते, म्हणून मुलंही पाळतात. एकदा ओरडली तर तिसरीतल्या मुलीने उठून पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. आमच्या वहीच्या हिशेबाने हे उलट उत्तर झालं.

म्हणून तेही गाव काही आदर्श नाही. दाखल्यावरून एक बाप दारू पिऊन वर्गात आला होता आणि नणंद त्या दिवशी रडत घरी आली होती. ‘पूर्वी शिक्षकांना केवढा मान होता’ हे वाक्य त्यामुळेच मला जपून वापरावंसं वाटतं. आमचे सासरे सांगतात, गुरुजी समोरून आले की आम्ही गल्ली बदलायचो. त्यांना तो आदर वाटतो. मला ती छडी वाटते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी केली हे योग्यच झालं, पण छडी गेल्यावर तिच्या जागी काय ठेवायचं यावर कोणी फार डोकं चालवलं नाही. आणि अजून मागे जायचं तर भिडेवाडा आहेच. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तेव्हा शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण आणि चिखल फेकला. शाळेत गेल्यावर बदलायला त्या दुसरं लुगडं सोबत नेत. तक्त्यावर ३ जानेवारीच्या चौकटीत त्यांचं चित्र आहे, खाली ‘पहिल्या शिक्षिका, त्यांना वंदन करा’. दुसऱ्या लुगड्याचा उल्लेख नाही. मोठीला मी ती हकिगत सांगितली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “म्हणजे तेव्हाचे वन स्टार.” चौकटीत दोन ओळी जास्त छापल्या असत्या तर बाकी वंदन आपोआप झालं असतं.

परत संचाकडे. दिवाळीआधी पालकसभा झाली. मी पावतीची झेरॉक्स घेऊन गेले होते. खाजगी शाळांच्या शुल्काबद्दल राज्यात २०११ चा कायदा आहे, त्यात पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती आहे. म्हणून विचारलं, हे १,४५० समितीपुढे आले होते का? उत्तर मिळालं, नोंद घेतली आहे. तारे बंद करा म्हटल्यावर तीन-चार पालकांनी लगेच विरोध केला. त्यातल्या एकांचा मुद्दा मला पूर्ण चुकीचा वाटला नाही. ते म्हणाले, खरंच मारणारे, टाकून बोलणारे शिक्षकही असतात, तक्रार करायची जागा पाहिजे. पाहिजेच. पण ती मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये, नाव सांगून, समोर बसून पाहिजे. दर शुक्रवारी घंटा वाजवून तक्रार मागवणं वेगळं.

मग मुख्याध्यापिकांनी वर्गशिक्षिकांना बोलायला सांगितलं. आमच्या मॅडम उठल्या, ताऱ्यांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “ते रोजचे फोटो बंद झाले तर मला सकाळची वीस मिनिटं मिळतील. मुलांशी नुसतं बोलायला.” आणि खाली बसल्या. टाळ्या वगैरे वाजल्या नाहीत. मागे कोणीतरी पार्किंगबद्दल विचारलं.

हाती लागलं ते एवढंच. संध्याकाळी पाचनंतर ॲपवर शिक्षकांना निरोप पाठवता येत नाही. सरासरी आता पालकांना दिसत नाही, फक्त कार्यालयाला दिसते. फोटो रोजऐवजी आठवड्यातून एकदा. ताऱ्यांचं बटण मार्चपर्यंत राहणार, कारण करार आहे. ‘वन स्टार’ अजून अधूनमधून ऐकू येतं म्हणे, पण मॅडमनी त्यावर उपाय काढला आहे. म्हणणाऱ्याला उभं करून विचारतात, बाकीचे चार कशाने मिळतील ते सांग. परवा एकाने सांगितलं, “आम्हाला ग्राउंडवर जास्त वेळ न्या.” त्यांनी नेलं.

तर गुण. पत्त्यांना पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण मूठभर पत्ते दोन्ही संचांत तेच आहेत. वहीला दोन, तेही कागदाला. तक्त्याला एक. ॲप घेऊ नका, आणि घ्यावंच लागलं तर शुक्रवारची घंटा बंद करून ठेवा, सेटिंगमध्ये अगदी तळाशी सापडेल. फीच्या तक्त्यात ‘अनिवार्य’ दिसलं तर आधी पालक-शिक्षक संघाच्या समितीत कोण आहेत ते विचारा. आमच्याकडे निम्म्या पालकांना ती समिती आहे हेच ठाऊक नव्हतं. कंपनीला सांगणं एवढंच की पत्ते वेगळे विका, दीडशे-दोनशेला. मेन रोडवरच्या दुकानात ठेवले तर दिवाळीत भेट म्हणून मी स्वतः चार जोड घेईन, एक तर नणंदेच्या शाळेला नक्की.

आमच्याकडे चौथीचा आणि सातवीचा असे दोन संच आहेत. वह्या पेन्सिलीने लिहिलेल्या, खोकी चांगल्या अवस्थेत, चुंबकं शाबूत. नाशिकमध्ये कोणाला पुढच्या वर्षी शाळेला दाखवण्यापुरता हवा असेल तर खुशाल घेऊन जा, पैसे नकोत. पत्ते मात्र मिळणार नाहीत.